स्वस्त वाट कुठे नेते?

‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’च्या करिअर मोडमध्ये एक कंत्राट सारखं समोर येतं : मुनभोवतीच्या अवकाशातून विज्ञानाची माहिती पाठवा. मुन म्हणजे त्या खेळातला चंद्र. एक छोटा उपग्रह घ्यायचा, त्यावर थर्मामीटर, अँटेना आणि सोलर पॅनल लावायचं आणि तो मुनभोवती सोडून द्यायचा. पुढचं काम बसल्या जागी होतं. कंत्राट घ्या, उपग्रहावर जा, तापमान मोजा, पाठवा, पैसे जमा. तेच तापमान आधी दहा वेळा पाठवलेलं असलं आणि त्यातून विज्ञानाचा एक गुणही मिळणार नसला, तरी कंत्राट पूर्ण झालं असंच धरलं जातं. जुन्या खेळाडूंना ही युक्ती तोंडपाठ आहे. ड्यूनावर, म्हणजे तिथल्या मंगळावर, उतरण्याचं स्वप्न बघत खेळ सुरू केलेला माणूस मग संध्याकाळभर थर्मामीटरचं बटण दाबत बसतो.

यात त्याचं काही चुकलं, असं मला वाटत नाही. कमी वेळात जास्त जिथे मिळेल तिथे खेळाडू जाणारच, आणि तिथे कंटाळला तर नावं खेळाला ठेवणार. ती ठेवायलाच हवीत, कारण वाट आखली आपण. म्हणून अवकाशसंचाराच्या खेळात मोहिमांचा मोबदला ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारावा : सगळ्यांत स्वस्त पडणारी वाट खेळाडूला घरापासून लांब नेते, की अंगणातच घुटमळत ठेवते?

घरच्या घरी किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी युनिटीत, गोडोत असा खेळ बांधणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. ग्रह फिरतायत, रॉकेट उडतंय, आता ‘या मोहिमेला किती द्यायचे?’ इथे गाडी अडली आहे, असं धरून चालतो. रॉकेट उडवायला अजून मजा येत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते नीट करा. केर्बल २०११ साली लोकांच्या हाती आला तेव्हा त्यात पैसा नव्हता, कंत्राटं नव्हती, काहीच नव्हतं. विज्ञानाचे गुण आणि करिअर मोड ऑक्टोबर २०१३ मध्ये आले. पैसा, प्रतिष्ठा आणि कंत्राटं जुलै २०१४ मध्ये. तोवर लोक निव्वळ उडवण्याच्या आनंदासाठी खेळत होते. नुसतं उडवण्यात रस नसेल तर वर कितीही पैसे वाटले तरी तो येत नाही.

मोबदला मिनिटांत मोजा

बहुतेक नवे डिझायनर मोबदला अंतरावर ठरवतात. जवळच्या चंद्राला १,००० क्रेडिट, चौपट वेळ लागणाऱ्या दूरच्या ग्रहाला ४,०००. कागदावर हे न्याय्य दिसतं. आता खेळाडूच्या बाजूने हिशेब मांडू.

जवळच्या चंद्राच्या फेरीला १० मिनिटं लागतात, इंधन २०० चं जळतं आणि सहसा काही बिघडत नाही. हाती उरतात ८००, म्हणजे मिनिटाला ८०. दूरच्या ग्रहाला ४० मिनिटं आणि ८०० चं इंधन. शिवाय तीनांतली एक फेरी फसते आणि यान गमावल्याचा १,५०० चा फटका बसतो. अशा तीन फेऱ्या धरा. वेळ १२० मिनिटं, मिळकत दोन वेळा ४,००० म्हणजे ८,०००. त्यातून इंधनाचे २,४०० आणि यानाचे १,५०० वजा केले की उरतात ४,१००. मिनिटाला साधारण ३४. फलकावर चौपट दिसणारा मोबदला प्रत्यक्षात निम्म्याहून कमी पडतो. चार-पाच फेऱ्यांत खेळाडूला हे हिशेब न मांडताही कळतं, आणि मग दूरचा ग्रह ओसाड पडतो.

दोन्ही वाटा बरोबरीत आणायच्या तर दूरच्या यशस्वी फेरीला ६,७५० द्यावे लागतील. जोखीम घेणाऱ्याच्या हाती वर थोडं पडावं, म्हणजे मिनिटाला १०० पडावेत असं वाटत असेल तर ७,९५०. म्हणजे अंदाजाने लावलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक मोहिमेसाठी एक ओळ करा : लागणारा वेळ, इंधन, फसण्याचं प्रमाण, फसल्यावरचं नुकसान, मोबदला, आणि शेवटच्या रकान्यात मिनिटाला किती. मग त्या रकान्यावर क्रम लावा. वरच्या तीन ओळींत तुमच्या खेळातल्या सगळ्यांत रटाळ मोहिमा आल्या असतील, तर थर्मामीटरचा उपग्रह तुमच्याकडेही आहे.

वेळ मोजताना स्वतःचा धरू नका. आपलाच खेळ आपण डोळे मिटून खेळतो. नवख्याला तिप्पट वेळ सहज लागतो. शिवाय लोडिंग, मेनू, यान पुन्हा बांधणं हेही त्या ४० मिनिटांत मोजायचं.

जोखमीचा मोबदला कधी द्यायचा, याकडेही बघायला हवं. ‘एलिट डेंजरस’मध्ये (डिसेंबर २०१४) आकाशगंगेच्या कडेपर्यंत जाऊन ताऱ्यांची, ग्रहांची माहिती गोळा करता येते, पण तिचे पैसे ती बंदरात येऊन विकल्यावर मिळतात. वाटेत यान फुटलं तर न विकलेली सगळी माहिती गेली. परतीचा प्रवास एरवी निव्वळ कंटाळा झाला असता, तो या एका नियमामुळे श्वास रोखून करावा लागतो. आठवडाभर भटकून आलेला माणूस शेवटच्या स्थानकावर यान उतरवताना हात जपून चालवतो. केर्बलने हेच सौम्यपणे केलं आहे. यानातल्या माणसाचा तोंडी अहवाल रेडिओने पाठवला तरी पूर्ण गुण मिळतात. पण गू नावाच्या त्या हिरव्या पदार्थाचा प्रयोग रेडिओवरून पाठवला तर काहीच हिस्सा पदरात पडतो, पूर्ण गुणांसाठी डबा घरी आणावा लागतो. जाणं सोपं, परत येणं अवघड, आणि त्याचे जास्त पैसे. अवकाशाच्या खेळाला याहून साजेसा नियम माझ्या पाहण्यात नाही.

अंगणात किती पिकतं?

केर्बलने विज्ञानाच्या गुणांसाठी एक चांगला बंध घातला. एकच प्रयोग एकाच जागी पुन्हा केला की गुण घटत जातात, नव्या जागी केला की पुन्हा भरपूर. ‘पुढे जा’ हे सूचना न देता सांगण्याची ही रीत उचलण्यासारखी आहे. गोची झाली ती जागांच्या हिशेबात. मुन आणि मिनमस या घराजवळच्या दोन चंद्रांचे अनेक प्रदेश पाडले आहेत : विवरं, उंचवटे, ध्रुव, पठारं. प्रत्येक प्रदेशात प्रत्येक प्रयोग नव्याने गुण देतो. परिणामी या दोन चंद्रांवरच चिकाटीने फिरलं तर तंत्रज्ञानाचं जवळपास सगळं झाड उघडतं. दूर जाण्यासाठी बनवलेलं अणुइंजिन हाती येतं तेव्हा, निदान गुणांसाठी तरी, दूर जायचं कारण संपत आलेलं असतं.

त्यात प्रयोगशाळेची भर. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून कक्षेत फिरणाऱ्या प्रयोगशाळेत वैज्ञानिक बसवले की जमा केलेल्या माहितीतून ते दिवसागणिक नवे गुण तयार करतात. ही कल्पना चांगलीच आहे. पण याच खेळात वेळ एक लाख पट वेगाने पळवता येतो, आणि वर्षं गेल्याचा खर्च काहीच नाही. पगार नाही, भाडं नाही, जुनं होणं नाही. माहिती भरा, वेळ पळवा, चहा पिऊन या, गुण तयार. ज्या खेळात घड्याळ पुढे ढकलता येतं तिथे वेळेवर पिकणारं कुठलंही उत्पन्न फुकटचं ठरतं, हे पक्कं धरून चाला. मग एक तर वेळेला किंमत लावा, नाहीतर असं उत्पन्न ठेवूच नका. केर्बलच्याच खेळाडूंनी बनवलेल्या आरपी-१ या मॉडमध्ये रॉकेट बांधायला दिवस लागतात आणि देखभालीचा खर्च चालू राहतो. तिथे वर्ष पळवणं खिशाला लागतं. एलिट डेंजरसमध्ये ५ अब्ज क्रेडिटचं फ्लीट कॅरिअर घेतलं की दर आठवड्याला त्याची देखभाल भरावी लागते.

तुमच्या खेळात घराजवळच्या सगळ्या जागा पिंजून काढल्या तर एकूण किती मिळतं, याची बेरीज करा आणि सगळी तंत्रं उघडायला लागणाऱ्या एकूण रकमेशी ताडून पाहा. ती बेरीज निम्म्याच्या वर गेली तर मी कात्री हातात घेतो. हा नियम पुस्तकातला नाही, माझा अंदाजपंचे आहे. पण अजून तरी त्याने दगा दिलेला नाही.

किमती किती वेगाने वाढवायच्या

प्रत्येक टप्प्याला नव्या इंजिनाची किंमत १.६ पट होते आणि खेळाडूची मिळकत १.४ पट, असं समजा. फरक मामुली वाटतो. पण दर टप्प्याला लागणारा वेळ सुमारे १.१४ पटीने वाढत जातो. पहिलं इंजिन २० मिनिटांत आलं असेल तर अकरावं यायला ७६ मिनिटं लागतात. ती ७६ मिनिटं नव्या गोष्टींनी भरलेली असतील तर काही बिघडत नाही. पण त्या वेळात जुनीच मोहीम आठ वेळा करायची असेल, तर माणूस खेळ बंद करतो आणि पुन्हा उघडत नाही. म्हणून किंमत आणि मिळकत यांच्या गुणकांचं गुणोत्तर आधी ठरवा, आकडे त्यातून येऊ द्या. उलट दिशेने गेलात तर जन्मभर आकडे दुरुस्त करत बसाल.

१९८४ सालच्या ‘एलिट’मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांनी हे खुबीने जमवलं होतं. खेळाडू १०० क्रेडिट घेऊन निघतो. त्याचा दर्जा ‘निरुपद्रवी’पासून सुरू होतो आणि किती यानं पाडली त्यावर वाढतो. सुरुवातीचे दर्जे भराभर मिळतात, पुढचे अंतर वाढवत जातात आणि ‘एलिट’ व्हायला ६,४०० यानं पाडावी लागतात. मधल्या लांबलचक पट्ट्यात माणूस हिरमुसू नये म्हणून दर २५६ व्या शिकारीला पडद्यावर ‘राइट ऑन कमांडर!’ एवढंच उमटतं. पैसा नाही, शस्त्र नाही, फक्त शाबासकी. बीबीसी मायक्रो या संगणकाच्या तुटपुंज्या मेमरीतही त्यांनी त्या तीन शब्दांना जागा ठेवली, यावरून काय ते समजा.

चलनं किती असावीत? केर्बलमध्ये तीन आहेत. पैशाने रॉकेट बांधायचं आणि इमारती वाढवायच्या, विज्ञानाने नवे भाग उघडायचे, प्रतिष्ठेने चांगली कंत्राटं मिळवायची. पहिली दोन रोज जाणवतात. तिसरी काही काळाने कुणाला आठवतही नाही, कारण तिच्यामुळे नेमकं काय मिळालं हे डोळ्यांना दिसत नाही. जे चलन खर्च करताना खेळाडू एकदाही थबकत नाही ते काढून टाका. आणि एका चलनाचं दुसऱ्यात रूपांतर करायची सोय देताना दहादा विचार करा. ती दिली की दोन्ही चलनांचा भाव त्यांतल्या सगळ्यांत सोप्या वाटेवर येऊन टेकतो. बाजारभाव खेळाडूच्या विक्रीने हलत असतील तर तीच धास्ती आहे. ‘नो मॅन्स स्काय’मध्ये लोक स्थानकावर कोबाल्टचे ढीग विकून भाव पाडत, मग तोच माल पडेल भावात उचलून शेजारच्या ताऱ्यावर विकत. व्यापार म्हणून युक्ती झकास आहे, पण त्यात ग्रह कुठे आला?

पैशापलीकडच्या मोबदल्यात केर्बलकडून दोन गोष्टी उचलाव्यात. भाग तपासण्याची कंत्राटं एरवी हास्यास्पद असतात. अमुक उंचीवर, तमुक वेगात हे इंजिन पेटवून दाखवा, असली. पण तुम्ही अजून न उघडलेला भाग त्या कंत्राटापुरता वापरायला मिळतो. उद्याचं इंजिन आज उसनं हाती आलं की त्याची चटक लागते, आणि ते कायमचं मिळवण्यासाठी माणूस आपणहून धावतो. दुसरं, सुटकेचं कंत्राट : कक्षेत अडकलेल्या अंतराळवीराला घरी आणा. पैसे मिळतातच, शिवाय तो माणूस तुमच्या चमूत कायमचा दाखल होतो. एरवी नवा माणूस घ्यायला रोख मोजावे लागतात आणि चमू वाढेल तसा दरही चढतो. वर, दुसऱ्या यानाला कक्षेत गाठणं हे खेळातलं सगळ्यांत अवघड कसब या कंत्राटात नकळत शिकून होतं. अख्ख्या करिअर मोडमध्ये यापेक्षा चांगलं बेतलेलं कंत्राट दुसरं नाही.

आणि चलनच नको असेल तर? ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये (२०१९) विकत घ्यायला काही नाही, यान पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. हाती राहतं ते फक्त काय कळलं एवढंच. हे जमलं तर सोन्याहून पिवळं. मात्र असा खेळ एकदाच खेळता येतो आणि त्यातलं प्रत्येक कोडं हाताने रचावं लागतं. दोन-तीन मित्रांनी सुट्टीत बांधायच्या खेळाला ते क्वचितच झेपतं.

सुरुवात कुठे आवळायची

करिअरच्या पहिल्या दिवशी केर्बल खेळाडूला ३० भागांच्या आणि १८ टनांच्या मर्यादेत ठेवतो. एका वेळी दोनच कंत्राटं घेता येतात. इमारत वाढवली की सात, त्यानंतर हवी तितकी. या मर्यादा मला आवडतात. १८ टनांत कक्षा गाठणं हे कोडं आहे, आणि दोनच जागा असल्या की एकाच उड्डाणात दोन्ही कामं कशी उरकतील याची आखणी करावी लागते. आखणी करायला लावणारी बंधनं सुरुवातीला हवीतच.

पण त्याच खेळात पुढचा मार्ग आखण्याचं साधन, म्हणजे कुठे किती जोर लावला की कक्षा कशी बदलेल हे दाखवणाऱ्या खुणा, दोन इमारती वाढवल्याशिवाय मिळत नाही. जाणता खेळाडू अंदाजाने निभावतो. ज्याला त्या साधनाची खरी गरज आहे तो नवखा मात्र त्याच्याविना चाचपडतो. शिकायला मदत करणाऱ्या गोष्टी बक्षीस म्हणून लांबणीवर टाकू नका. त्या पहिल्याच दिवशी द्या आणि ताकद मागे ठेवा. तंत्रांचा क्रमही असाच तपासून घ्या. केर्बलमध्ये माणूस बसवलेली कुपी आधी मिळते आणि माणसाविना चालणारं यान नंतर. खऱ्या जगात स्पुटनिक १९५७ चं आणि गागारिन १९६१ चा. हा उलटा क्रम खुपल्यामुळे झाड नव्याने मांडणारे मॉड खेळाडूंनीच काढले. केर्बलचे बरेचसे आकडे साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये ठेवलेले आहेत, म्हणून ते शक्य झालं. तुमचे मोबदलेही कोडमध्ये पुरू नका. एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. रात्री अकरा वाजता एक आकडा बदलून पुन्हा खेळून बघता आलं पाहिजे.

खेळ लोकांपर्यंत गेल्यावर एखादी फायद्याची वाट निघणारच. एलिट डेंजरसमध्ये डिसेंबर २०१८ च्या अपडेटनंतर लघुग्रह फोडून व्हॉइड ओपल काढण्याची लाट आली. अ‍ॅनाकोंडा हे जवळपास १४.७ कोटींचं यान एकेकाळी दूरचं ध्येय होतं. त्याची किंमत एका संध्याकाळच्या खाणकामात निघू लागली. पुढे दर खाली आणले गेले आणि खेळाडूंनी आरडाओरडा केला. हाती आलेलं काढून घेतलं की लोक चिडतातच. म्हणून कापण्याआधी शेजारच्या वाटा वर उचलता येतात का ते बघा. त्याच खेळात ग्रहांवरच्या जीवांचे नमुने गोळा करण्याचं काम २०२१ मध्ये आलं तेव्हा त्याला फार पैसे नव्हते. मग ते वाढवले आणि कुणी तक्रार केली नाही. मोबदला कमी करायचाच असेल तर लवकर करा, एकदाच करा आणि का केला ते सांगा.

चाचणीसाठी पाच-सहा माणसं पुरतात, फक्त त्यांतलं कुणी तुमच्या टीममधलं नको. खेळात एक साधी नोंदवही ठेवा : कुठली मोहीम स्वीकारली, किती वेळ लागला, संपली तेव्हा खिशात किती होते, आणि खेळ कुठे बंद केला. ‘मजा आली का?’ हे विचारू नका, ओळखीची माणसं हो म्हणतात. नोंदीत तीन गोष्टी शोधा. कुणीच न घेतलेल्या मोहिमा : त्यांचा मिनिटाचा भाव पुन्हा काढा. एकाच माणसाने पाठोपाठ केलेली एकच मोहीम : तिचा भाव कापा किंवा दुसऱ्या वेळेपासून घटता ठेवा. आणि खिशात भरपूर पैसे असूनही जिथे खेळ बंद झाला ती जागा. पैसे कमी पडले म्हणून सोडणारा खेळाडू आकडा बदलून परत आणता येतो. पैसे असून सोडणाऱ्याला पुढे जाण्यासारखं काही दिसलं नव्हतं. तिथे मोबदल्याला हात लावू नका, पुढचा ग्रह बांधायला घ्या.